फणी क्रमांक २१४

हळदीचा पिवळा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. हळदीतलं स्टार्च विरघळत नाही.

•

सूचना : या दाराच्या आत बांगडी, टिकली, गजरा, पावडर नेऊ नये. केस टोपीत घ्यावेत. शिंक येईलसे वाटल्यास बाहेर यावे.

•

राधानगरीच्या जंगलात मध काढायला गेलेल्या माणसाला कारवीत एक चप्पल मिळाली. अंगठा नुकताच शिवून घेतलेला होता. ज्याची असेल तो नेईल म्हणून त्याने ती फांदीला अडकवून ठेवली.

•

घरच्या इस्त्रीला एक किलोवॅट वीज लागते.

•

फणी क्रमांक २१४. वजन चार किलो सहाशे ग्रॅम. दाते एकशे बारा. स्थिती उत्तम. मुक्काम : गोदाम, फळी तीन.

•

फोटोत आठ बायका आहेत. सगळ्या हसताहेत. नववी फोटोत नाही.

•

दोष की हात?

•

हा शेवटचा प्रश्न वृषाली बेलेकरला दिवसातून साठ-सत्तर वेळा विचारला जायचा. विचारायचा संगणक. उत्तरं दोनच होती आणि प्रत्येकाला एक बटण होतं.

कारखाना गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कोल्हापूरच्या विमानतळाला लागून. तिथे विमानांसाठी हीट सिंक बनत. हीट सिंक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड पाटी. एका अंगाला आरशासारखी सपाट, दुसऱ्या अंगाला उभे पातळ दाते. कारखान्यात तिला कोणी हीट सिंक म्हणत नसे. फणी म्हणत.

पाकोळी हे एकोणीस आसनांचं विजेवरचं विमान. कोल्हापुरातून उठून बावीस मिनिटांत सिंधुदुर्गात उतरायचं. त्याला दोन मोटारी, आणि प्रत्येक मोटारीमागे एक इन्व्हर्टर, बॅटरीतली वीज मोटारीला हवी तशी करून देणारा. पाचशे किलोवॅट वीज त्यातून जाते आणि तिचा शंभरातला एक भाग उष्णता होऊन बसतो. शंभरातला एक म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण तो पाच किलोवॅट होतो. पाच तापलेल्या इस्त्र्या, तळहाताएवढ्या जागेत. ही उष्णता क्षणाक्षणाला उचलली नाही तर आतल्या सिलिकॉनच्या चकत्या जळतात. फणी ती उचलते, दात्यांत पसरवते आणि दात्यांमधून वाहणाऱ्या वाऱ्याला देऊन टाकते. घाटावर चढताना मोटारीला सगळ्यात जास्त जोर लागतो आणि हवा मात्र विरळ होत जाते. फणीची खरी परीक्षा तिथे असते.

चकत्यांचा ठोकळा फणीच्या सपाट अंगावर बसतो. धातूवर धातू ठेवला की दोन्ही घट्ट बसले असं डोळ्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडचे सूक्ष्म उंचवटे तेवढे एकमेकांना टेकतात. मधे हवा राहते, आणि हवेतून उष्णता सहज जात नाही. म्हणून मधे लेप लावतात. करडा, लोण्यासारखा मऊ, केसाहून पातळ. हे काम यंत्राला देऊन बघितलं होतं. पण भट्टीतून निघालेली प्रत्येक फणी जराशी वेगळी वाकलेली असते आणि ते वाकणं बोटांनाच कळतं. म्हणून लेप बायका लावत. आठ बायका, आठ हात, हाताला क्रमांक.

पाकोळीच्या फण्यांमध्ये नवं काय होतं, तर काचेचा एक तंतू. तो फणीच्या पोटात शिवणीसारखा फिरवलेला असायचा आणि बाराशे ठिकाणचं तापमान टिपायचा. फणी भंगारात जाईपर्यंत, रोज, प्रत्येक उड्डाणात. त्याचा नकाशा खाली पाठवला जायचा. बिघाड होण्याआधी कळावा म्हणून केलेली ही सोय. पण दोन वर्षं नकाशे साठल्यावर भलतंच कळलं. लेप लावणारीचा हात त्यात ओळखू येत होता. कोणाचा लेप डाव्या कडेला जड, कोणाचा मधोमध. चारशे उड्डाणांनंतरही सहीसारखा.

संगणकाला हे शिकवावं लागलं. नाहीतर तो प्रत्येकीच्या लकबीला बिघाड समजून विमानं जमिनीवर बसवायचा. शिकवायला वृषालीला खालच्या खोलीतून वरच्या खोलीत नेलं, कारण त्याआधी तीन वर्षं ती स्वतः तीन नंबरचा हात होती. नकाशात काही निराळं दिसलं की संगणक तिला विचारायचा : दोष की हात? तिने 'दोष' म्हटलं तर फणी उतरायची. 'हात' म्हटलं तर ती त्या बाईची लकब धरली जायची आणि त्या फणीबद्दल संगणक पुन्हा कधी विचारायचा नाही.

•

सप्टेंबर २०३९, सोमवार. सकाळी सात चाळीसची पाकोळी अकराव्या मिनिटाला राधानगरीच्या जंगलावर पेटली. अकरा प्रवासी, दोन वैमानिक. कोणी उरलं नाही. फणीचा नकाशा मात्र शेवटच्या सेकंदापर्यंत पोचला होता.

•

मंगळवारी चौकशी अधिकारी सबनीस बाई आल्या. साधी सुती साडी, पायात बूट. वृषालीच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मागे उत्पादनाचे मॅनेजर खोत साहेब उभे होते.

"डाव्या मोटारीची फणी. क्रमांक २०९," सबनीस बाई म्हणाल्या. "मोठा करा नकाशा."

वृषालीने फणीच्या मापाएवढा मोठा केला. निळ्या-हिरव्या पसाऱ्यात दोन लाल ठिपके होते. शेजारी शेजारी, सारख्याच आकाराचे.

"आठ महिन्यांपूर्वी हे ठिपके अगदी फिके होते. संगणकाने विचारलं होतं. तुम्ही 'हात' म्हणालात."

"दिवसाला सत्तर येतात, मॅडम."

"मी दोष देत नाहीये. हात कोणाचा, एवढंच सांगा."

वृषाली ठिपक्यांकडे बघत होती. दोघांमधलं अंतर तिने आधी डोळ्यांनी मोजलं, मग नकळत अनामिका पडद्याला लावली. एकदा इथे, एकदा तिथे. बोट बरोबर बसलं.

"काय झालं?" खोत म्हणाले.

"काही नाही. नोंदीत सात नंबर आहे."

"सात नंबर म्हणजे?"

"रंजना कुंभार," वृषाली म्हणाली. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

•

आदल्या वर्षीची खंडेनवमी. त्याच्याही आदल्या वर्षी कारखान्यात पूजा झाली नव्हती, आणि महिन्याभरात प्रेसवर एका मुलीची दोन बोटं गेली होती. संबंध काही नव्हता. पण बायका बोलायच्या, आणि खोत साहेबांकडे पूजेची परवानगी मागायला वृषाली गेली होती. ते म्हणाले, करा, पण लेपाच्या बंद खोलीच्या बाहेर, आणि वीस मिनिटांत आवरा.

मग बाहेरच्या बोळात टेबल मांडलं. लेपाची पाती, गेज, टॉर्कचा पाना, झेंडूची माळ, मागे हिरव्या खणात बसवलेला कलश. पुढे पाच फण्या, लेप लावायला निघालेल्या. पान्यांची आणि पात्यांची पूजा करायची आणि ज्याच्यासाठी ती आहेत ते तसंच ठेवायचं, हे वृषालीला बरं वाटलं नाही. कोयरी तिच्या हातात होती. तिने प्रत्येक फणीला हळद लावली, शेजारी हळदीपासूनच केलेलं कुंकू लावलं. सपाट अंगाला लावलं. दात्यांवर कोण लावतं?

नंतर तिने स्वतः पाचही फण्या स्पिरिटने पुसल्या होत्या. पांढरा फडका पांढरा निघेपर्यंत. पिवळं गेलं, लाल गेलं. जे रंगाशिवाय होतं ते घासून गुळगुळीत केलेल्या धातूच्या बारीक रेघांत राहिलं, आणि डोळ्यांना दिसायचं कारण नव्हतं. त्यावर लेप बसला. मग दर उड्डाणाला तापणं, निवणं, तापणं. स्टार्च हळूहळू करपलं, लेप त्या दोन जागांवरून सरकत गेला, हवा आत आली.

तंतूला फक्त उष्णता कळायची. तिच्या आधी काय घडलं ते त्याला विचारून उपयोग नव्हता.

•

बुधवारी सकाळी रंजनाला न्यायला पोलिसांची गाडी आली. रंजना बावन्न वर्षांची. कारखान्यात सगळ्या तिला आक्का म्हणत. वृषालीच्या हातात पहिल्यांदा पातं तिनेच दिलं होतं आणि पहिल्या आठवड्यात रोज म्हटलं होतं, "पोळीला तूप लावतीस व्हय गं? हलक्या हातानं, हलक्या हातानं."

आता ती टोपी काढत दारात उभी राहिली. वृषाली जिन्यावर होती.

"वृषे, माझा हात तुला म्हाईत हाय. सांग की ह्यास्नी."

"सांगते, आक्का."

"कवा?"

रंजनाने टोपीची घडी करून शेजारच्या बाईकडे दिली. "ठेव नीट. उद्या लागंल," म्हणाली आणि गाडीत बसली.

त्याच दिवशी हुकूम निघाला. सात नंबरच्या हाताच्या सगळ्या फण्या उतरवायच्या. एकतीस होत्या. बाकीच्या हातांची विमानं उडत राहतील.

•

वृषालीने वरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि जुन्या नोंदी काढल्या. दोन ठिपके शोधले.

फणी २०६. हात क्रमांक दोन. 'हात.'
फणी २०८. हात क्रमांक पाच. 'हात.'
फणी २०९. हात क्रमांक सात. 'हात.'
फणी २११. हात क्रमांक एक. 'हात.'
फणी २१२. हात क्रमांक पाच. 'हात.'

संगणकाने पाच वेगवेगळ्या महिन्यांत पाच वेळा विचारलं होतं. चार निरनिराळ्या बायकांना एकच लकब कशी, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पाचही वेळा तिने तेच बटण दाबलं होतं.

एक जळाली. चार हवेत होत्या.

•

फणी २११, गरम ठिपका.
बुधवार, दुपारी एकची फेरी : १३१ अंश.
बुधवार, चारची : १३४.
वृषाली घरी गेली. नवऱ्याने विचारलं, जेवणार का. तिने भात कालवला आणि तसाच ठेवला. तो म्हणाला, "तू काय केलंस त्यात? लेप तर त्यांनी लावला." तो चांगल्या मनाने म्हणाला. तिने त्याला काही सांगितलेलं नव्हतं.
गुरुवार, सात चाळीस : १३९.
गुरुवार, नऊची : १४४. पुढची फेरी साडेदहाची : प्रवासी सोळा. त्यात एक शाळेची सहल होती. म्हणजे सहा मुलं आणि एक बाई.

•

साडेदहाला ती सबनीस बाईंच्या टेबलापाशी गेली आणि मोबाइल पुढे ठेवला. पडद्यावर खंडेनवमीचा फोटो होता.

"ते दोन ठिपके माझ्या हाताचे आहेत," ती म्हणाली.

सबनीस बाईंनी फोटो बघितला. हसणाऱ्या आठ बायका, माळ, खण, कलश, पुढे फण्या. प्रत्येक फणीवर एक पिवळा आणि एक लाल ठिपका.

"उरलेल्या चार फण्यांची विमानं आत्ता, आत्ता खाली घ्या," वृषाली म्हणाली. "२११ आधी."

बाईंनी फोन उचलला. तीन वाक्यं बोलल्या. २११ बसवलेली पाकोळी तेव्हा धावपट्टीच्या टोकाशी वळत होती. ती तिथेच थांबवली. मुलं उतरली आणि सहल बुडाली म्हणून रडायला लागली.

मग सबनीस बाई सावकाश म्हणाल्या, "किती फण्या होत्या पूजेत?"

"पाच."

"फोटोत पाच आहेत. ठिपक्यांच्या नोंदीही पाच. जुळतंय." त्यांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "परवाच तुम्हाला कळलं होतं. बोट लावून बघितलंत."

"हो."

"दोन दिवसांत त्या चार फण्यांच्या मिळून अठ्ठावीस फेऱ्या झाल्या. मी आत्ताच मोजल्या. अहवालात घालावं लागेल."

खोत साहेब एवढा वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "बेलेकर, परवानगी मी दिली होती, पण फण्यांना लावायची नाही. हे तेवढं नीट सांगा." मग कोणी न विचारता पुन्हा म्हणाले, "फण्यांना नाही."

•

जबाब. रंजना दौलत कुंभार, वय ५२.
प्रश्न : खंडेनवमीच्या पूजेत तुम्ही होता का?
उत्तर : मी पूजेत न्हवते.
प्रश्न : फोटोत तुम्ही दिसत नाही.
उत्तर : न्हवतेच, तर दिसंन कशी?
जबाब वाचून दाखवला. बरोबर आहे. सही.

•

शनिवारी वृषाली रंजनाच्या घरी गेली. उजळाईवाडीत दोन खोल्या, दाराशी तुळस, खिडकीत नवऱ्याचा हार घातलेला फोटो. दौलत कुंभार जाऊन नऊ वर्षं झाली होती. रंजना लसूण सोलत होती. तिने बस म्हटलं नाही.

"आक्का, माफी मागायला आले."

"मागिटलीस. झालं?"

"माझ्यावर केस होणार आहे."

"व्हईल. माझी दोन दिवस झाली. माझ्या पोराच्या वयाचा फौजदार. मावशी, हात थरथरतो का तुमचा? असं धरून बघत हुता." तिने लसणाची पाकळी दोन बोटांत धरून सरळ समोर केली. पाकळी हलली नाही. "म्हटलं, बघ बाबा, तूच बघ."

वृषाली उंबऱ्यावरच खाली बसली. "सबनीस बाईंना पूजेचं सगळं लिहून द्यायचंय. काय काय मांडलं, कोणी मांडलं. माझ्याकडून काही राहिलं असेल तर..."

"मला इचारतीस?"

"तुम्ही सकाळी लवकर आला होता ना?"

रंजनाचे हात थांबले. "पूजा तुमची. कोयरी घेऊन तू समद्यांना लावत आलीस. माझ्या अलीकडं शकू, पलीकडं नीता. शकूला लावलंस, नीताला लावलंस."

"आक्का, मनात तसं काही नव्हतं."

"मनात न्हवतंच. म्या कुठं म्हणत्ये मनात हुतं? हात आपसूक पुढं गेला. सवय असती हाताला." ती हसली, आणि ते हसणं वृषालीला सोसलं नाही. "तूच सांगतीस न्हवं वर बसून, दोष का हात?"

बाहेर विमान उतरण्याचा आवाज आला. पाकोळीचा आवाज बारीक असतो, कापड फाडल्यासारखा.

"मग खोत म्हणला, फोटू काढूया, या समद्या," रंजना म्हणाली. "मी आत गेले टोपी घालाय. कुणी हाक मारली न्हाई."

"आक्का, आत्ता मारते. सांगा ना. काही राहिलंय का?"

रंजनाने टरफलं पदरात गोळा केली आणि उठली.

"फोटू हाय न्हवं तुझ्याकडं? सरकारनं बी मानलाय. त्यात बघ."

आणि आत गेली. दार लावलं नाही. वृषाली तिथे थोडा वेळ बसली, मग चप्पल घालून निघाली.

•

अहवालाचा सारांश. सदोष फण्या पाच. एक नष्ट, चार उतरवल्या. चारही उघडल्या, ठोकळ्याखाली प्रत्येकी दोन करपलेले डाग मिळाले. सात नंबरच्या हाताचा दोष नाही. एकतीस फण्या परत बसवाव्यात. उतरवलेल्या चार फण्यांच्या जागी गोदामातल्या राखीव फण्या बसवाव्यात : क्रमांक २१३, २१४, २१७, २२०. चारही एकदाही उडालेल्या नाहीत. लेप आणि ठोकळ्यासह मोहोरबंद असल्यामुळे उघडल्या नाहीत. उघडल्यास लेप निकामी होतो. जमिनीवर प्रत्येकी एक तास चालवून बघितल्या. नकाशा स्वच्छ. ठिपके नाहीत.

२०९चे ठिपकेही पहिले दोन महिने दिसले नव्हते. हे वाक्य अहवालात आहे, पण दुसऱ्या पानावर, दुसऱ्या संदर्भात.

यापुढे कारखान्यात कोणतीही पूजा होणार नाही.

•

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वृषाली ओळखपत्र परत करायला गेली. फाटकावरच्या माणसाने ते घेतलं, मागचापुढचा भाग बघितला आणि खणात टाकलं. वरच्या खोलीत आता नवी मुलगी बसत होती. तिला सांगितलं होतं, शंका आली की 'दोष' दाब. पहिल्या आठवड्यात तिने अकरा विमानं जमिनीवर बसवली. दुसऱ्या आठवड्यात तिला बोलावून समज दिली.

लेपाच्या खोलीची पाळी सुटली. बायका बाहेर आल्या. रंजना सगळ्यांत मागे होती, टोपी हातात. वृषाली दिसताच दोघी-तिघी थबकल्या, मग बोलत पुढे गेल्या. रंजना थांबली.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"हो."

"वाळलीस."

आणखी काहीतरी ती बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून सिंधुदुर्गची पाकोळी उठली आणि त्या बारीक आवाजात दोघींना एकमेकींचं ऐकू येईना. दोघींनी वर बघितलं. विमान सहा नंबरचं होतं, उजव्या मोटारीला गोदामातली नवी फणी. ते उन्हात एकदा चमकलं आणि घाटाकडे चढायला लागलं. आवाज गेला तोवर रंजनाची बस आली होती.

•

आदल्या वर्षीच्या त्या खंडेनवमीच्या सकाळी आठ वाजता, बाकीच्या यायच्या आत, रंजनाने एकटीने टेबल मांडलं. कलशाखाली ठेवायला पाट सापडला नाही, म्हणून तिने रॅकवरची एक फणी दाते खाली करून ठेवली, तिच्यावर बोटाने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मूठभर तांदूळ पसरले, कलश बसवला आणि भोवती हिरवा खण गुंडाळला. पूजा झाल्यावर ती फणी तिने स्पिरिटने नीट पुसून रॅकवर परत ठेवली. फणीचा क्रमांक २१४ होता.